बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे



आमच्या टोकरखाड्यात मजुरी म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आमली, मसाट, पिपरिया, राखोली, खडोली या बाजूच्या कारखान्यांत कामाला जाणारी कितीतरी माणसे सिल्वासात राहतात. पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबे त्यांत आहेत, इथल्या वारली, कोकणा, धोडिया समाजातली माणसेही आहेत. हजेरी लागली तर पगार, खाडा पडला तर कपात, जादा पाळी केली तर ओव्हरटाइम. हा हिशेब लहान मुलालाही पाठ असतो. त्यात गैर काही नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, असे पवित्र शास्त्रही सांगते. मजुरी अडवून ठेवणाऱ्या धन्याला याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चांगलेच फटकारले आहे.

अडचण तेव्हा होते, जेव्हा हाच हिशेब आपण देवाच्या दारात घेऊन जातो. इतके रविवार उपासनेला गेलो, इतके दान दिले, उपासकाळ पाळला, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना केली, ही झाली हजेरी. रागावलो, खोटे बोललो, प्रार्थना चुकली, हे झाले खाडे. आणि शेवटी हजेरी जास्त भरेल, देव आपल्याला नीतिमान म्हणेल, अशी मनात कुठेतरी आशा. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच दाखला घेतला आहे. काम करणाऱ्याला मजुरी मिळते, तेव्हा धन्याने त्याच्यावर काही उपकार केलेले नसतात, ते त्याचे देणेच असते, असे तो म्हणतो. पण देवापुढे नीतिमान ठरणे हे असे देणे नाही. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वासच त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून मोजला गेला.

हे वचन आपण शंभर वेळा ऐकलेले आहे. पण ऐकणे आणि त्यावर जीव टाकणे यात किती अंतर असते, हे आपल्याच मराठी मातीतल्या एका विश्वासी स्त्रीच्या जीवनातून या लेखात पाहू या. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात. त्यांचे शिक्षणाचे कार्य, शारदा सदन, मुक्ती सदन, हे सारे मोठेच आहे. पण बाप्तिस्मा झाल्यावरही पुढची आठ वर्षे त्यांच्या जीवाला शांती नव्हती, आणि ती शांती त्यांना कशी मिळाली, हा भाग आपल्या मंडळ्यांत फारसा सांगितला जात नाही. रमाबाईंनी स्वतः १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली. तिच्या आधाराने हा इतिहास सांगत आहोत.

पुण्य साठवणारे घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या जंगलात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. त्या काळात स्त्रीने संस्कृत शिकणे लोकांना मान्य नव्हते. तरी त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकवले. त्यावरून धर्माधिकाऱ्यांपुढे जाब द्यावा लागला, तेव्हा शास्त्रांचाच आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे आईने लेकीला शिकवले. रमाबाईंनी लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले.

गंगामूळला येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाहुणचार करता करता घरातले द्रव्य सरले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे वर्षानुवर्षे फिरतच राहिले. देवळात, नदीच्या घाटावर पुराण वाचायचे, लोक जे देतील त्यातून दानधर्म करायचा, स्नाने, उपास, व्रते करायची. हे ढोंग नव्हते. हे घर मनापासून देवाला शोधत होते. आपले पाप धुऊन जावे, पदरी पुण्य पडावे, मोक्ष मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. अशा माणसांविषयी आपण आदरानेच बोलले पाहिजे.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे विकून खाल्ले, पुढे तेही संपले. उच्च कुळातली, विद्वान माणसे, त्यामुळे हलकी मजुरी करायची किंवा हात पसरायचा तर लाज वाटे. अकरा दिवस त्यांनी जंगलात पाणी, झाडपाला आणि रानातली मूठभर फळे यांवर काढले, असे रमाबाईंनी लिहिले आहे. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मागोमाग थोरली बहीणही गेली. वय वर्षे सोळाच्या सुमाराला रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास ही दोघेच उरली. आईवडिलांचा मार्ग सोडायचा नाही म्हणून दोघांनी हजारो मैल पायी यात्रा केली. थंडीपासून बचाव करायला पुरेसे पांघरूणही जवळ नसे.

जवळ न येणारे डोंगर

या भटकंतीतली एक आठवण रमाबाईंनी सांगितली आहे. हिमालयाच्या बाजूला एक सरोवर होते. त्यात सात तरंगते डोंगर आहेत, ते पुण्यवान माणसाकडे आपणहून सरकत येतात आणि पापी माणसापासून दूर राहतात, अशी तिथली समजूत होती. ही दोघे भावंडे काठावर उभी राहिली, पण डोंगर काही हलेनात. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असे तिथल्या पुजाऱ्यांनी बजावले होते. श्रीनिवासने भल्या पहाटे, कोणी नसताना, पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिले. ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली दगडमाती होती आणि वर झाडे लावलेली होती. यात्रेकरूंनी भरपूर दक्षिणा दिली की मागे लपलेली होडी ते तराफे पुढे ढकलत असे.

ही गोष्ट आम्ही हिंदू शेजाऱ्यांची थट्टा करायला सांगत नाही. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातही असे तराफे पुष्कळ ढकलले गेले आहेत. सोळाव्या शतकात जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन विकली जात होती, तेव्हा विकणारे आणि विकत घेणारे दोघेही ख्रिस्तीच होते. आमचे म्हणणे निराळे आहे. काठावर उभ्या असलेल्या त्या दोन उपाशी भावंडांच्या मनात काय आले असेल, याचा विचार करा. डोंगर आला नाही, याचा अर्थ आपण अजून पुरेसे चांगले नाही. अजून एक उपास, अजून एक यात्रा केली पाहिजे. स्वतःच्या प्रयत्नांनी नीतिमान होऊ पाहणाऱ्याची हीच दशा होते. किती केले म्हणजे पुरे, हे त्याला कोणी सांगत नाही.

खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारे लोक

१८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची एक सभा पाहिली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसले, तेव्हा ख्रिस्ती माणसे खुर्चीची पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले! आज वाचताना हसू येते. पण बाहेरच्याला आपली उपासना कशी दिसते, याचाही विचार त्यातून आपल्या मनात यावा.

कलकत्त्यात त्यांना स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यायची होती, म्हणून त्यांनी धर्मशास्त्रांचा नव्याने अभ्यास केला. स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा सरळ मार्गच नाही, असे त्यांना त्यातून दिसून आले. ज्या पुण्याच्या खात्यात आईवडिलांनी सर्वस्व भरले, त्यात स्त्रीच्या नावाने खातेच उघडत नव्हते. त्यांच्या मनातला जुना विश्वास तेव्हापासून ढासळू लागला.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पुढच्या वर्षी मनोरमा ही मुलगी झाली. आसामच्या बाजूला सिल्चरला राहत असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्या ती आवडीने वाचू लागल्या. पण १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

फुलहॅमच्या स्त्रिया आणि वाँटेजचा बाप्तिस्मा

इंग्लंडात त्या वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींची एक शाखा लंडनच्या फुलहॅम भागात होती. तिथे, समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना आसरा देण्याचे काम चाले. रमाबाईंनी ते पाहिले आणि त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांची कोणी काळजी घेते, हे त्यांनी कुठेच पाहिले नव्हते. या बायकांसाठी तुम्ही एवढे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली.

त्या विहिरीजवळ काय घडले, ते आठवा. पाच नवरे झालेली, गावाची नजर चुकवून भरदुपारी पाण्याला आलेली बाई. तिने काही व्रत केले नव्हते, प्रभूला शोधतही नव्हती. प्रभूच चालून चालून दमला आणि तिच्या वाटेत येऊन बसला. सरोवराचा डोंगर पुण्यवानाचीच वाट पाहत होता, इथे मात्र देव स्वतः पापी बाईच्या गावाला आला होता. रमाबाईंच्या मनाने तिथेच कौल दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

एखाद्या साक्षीची सांगता साधारण इथे होते. टाळ्या होतात, गीत होते. पण रमाबाईंची साक्ष इथे संपत नाही.

आठ वर्षे

पुढच्या आठ वर्षांत त्यांनी काय केले, ते पाहा. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि संस्कृत शिकवले. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले. शहरोशहरी व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९० मध्ये सदन पुण्याला आले.

हजेरीच लावायची तर यापेक्षा चांगली हजेरी कोणाची असेल? बाप्तिस्मा झालेला, शास्त्राचा अभ्यास, प्रार्थना, अनाथ-विधवांची सेवा, लोकांची निंदा सोसणे, सारे काही होते. आणि तरी रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो बुद्धीला पटला, पण त्या धर्माचा जो जीव, तो ख्रिस्त मात्र आपल्याला अजून भेटलेला नाही. निरनिराळ्या पंथांची निरनिराळी मते ऐकून त्या गोंधळल्या होत्या. बाप्तिस्म्याचा विधी झाला, आता आपले आपण चांगले ख्रिस्ती व्हायचे, असे त्यांनी धरले होते. आईवडिलांच्या घरातला तो जुना हिशेब नाव बदलून त्यांच्याबरोबर मंडळीत आला होता. तिथे तीर्थ होते, इथे विधी. तिथे दान होते, इथे सेवा. भार मात्र तोच, आणि तो उचलणारे खांदेही तेच.

बाप्तिस्मा क्षुल्लक आहे, असा याचा अर्थ नाही. तो प्रभूची आज्ञा आहे आणि कृपेची खूण आहे. पण खूण दाखवते त्याच्याकडे पाहायचे असते. बोट चंद्राकडे दाखवते, म्हणून बोटालाच कवटाळून बसलो तर अंधारातच राहू.

स्वतःच्याच व्यासपीठावर तारण पावलेला पाळक

या काळात त्यांच्या हाती एक पुस्तक आले. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाने लिहिलेले हे आत्मचरित्र. मरणातून जीवनात, अशा अर्थाचे त्याचे नाव. हॅसलम हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील बाल्धू या खाणकामगारांच्या गावी पाळक होता. अतिशय कर्तव्यदक्ष, विधी काटेकोर पाळणारा. त्याचा माळी क्षयाने आजारी पडला आणि मरणाच्या दारात त्याला पापक्षमेची खात्री मिळाली, पण ती पाळकाकडून नव्हे, दुसऱ्या पंथाच्या साध्या विश्वासी लोकांकडून. याचे हॅसलमला वाईट वाटले, रागही आला. त्याने एका सेवक मित्राशी बोलणे केले, तर तो मित्र म्हणाला की तुझेच अजून परिवर्तन झालेले नाही.

१८५१ मधल्या एका रविवारी हॅसलम जड मनाने चर्चमध्ये गेला. ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटते, हा प्रभूने परूश्यांना विचारलेला प्रश्न (मत्तय २२:४२) त्या दिवशीच्या पाठात होता. तो समजावून सांगता सांगता त्याच्या ध्यानात आले की, ख्रिस्त समोर असून त्याला तारणारा म्हणून न ओळखणाऱ्या परूश्यांच्या रांगेत मीही उभा आहे. बोलता बोलताच त्याच्या मनात उजेड पडला. त्याचा बदललेला चेहरा पाहून मंडळीतला एक प्रचारक उठून ओरडला की, पाळकाचेच तारण झाले! आणि सारी मंडळी देवाची स्तुती करू लागली.

हा धागा आणखी मागे जातो. त्याच कॉर्नवॉलच्या खाणकामगारांत शंभर वर्षांपूर्वी जॉन वेस्ली प्रचार करीत फिरला होता. वेस्लीही आधी पाळक आणि मिशनरी होता, तरी अस्वस्थ होता. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधील एका लहानशा सभेत कोणीतरी मार्टिन लूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होते, ती ऐकताना त्याला पापक्षमेची खात्री मिळाली. आणि लूथर? तो तर मठातला संन्यासी. उपास, जागरणे, पापकबुली यांत त्याने शरीर झिजवले, आणि देवाचे नीतिमत्त्व हे शब्द ऐकले की त्याला धडकी भरत असे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतराव्या वचनावर विचार करता करता त्याला उमगले की, हे नीतिमत्त्व देव आपल्याकडून वसूल करीत नाही, विश्वास ठेवणाऱ्याला ते देतो.

पौलाचे पत्र लूथरकडे, लूथरची प्रस्तावना वेस्लीकडे, वेस्लीचा संदेश कॉर्नवॉलच्या खाणीत, आणि तिथल्या पाळकाचे पुस्तक संस्कृत पंडिता असलेल्या मराठी बाईच्या हातात. यांतला प्रत्येक जण धार्मिक होता, मेहनती होता, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट शिकावी लागली. शुभवर्तमान अधर्मी माणसाला जितके हवे, तितकेच धार्मिक माणसालाही हवे.

रमाबाईंना ते पुस्तक आपलेच वाटले. आपल्याला ख्रिस्ताच्या धर्माची माहिती नको, ख्रिस्तच हवा, हे त्यांनी ओळखले. जशा आहोत तशा त्या त्याच्यापुढे गेल्या. आपण लायक होईपर्यंत देव थांबून राहत नाही, लायकी नसतानाच तो प्रीती करतो, हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद त्यांच्या साक्षीत ओसंडून वाहतो. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात (३:२१-२४) पौल हेच सांगतो. सर्वांनी पाप केले आहे, कोणात भेद नाही, आणि ख्रिस्ताने भरलेल्या खंडणीमुळे विश्वास ठेवणारे फुकट, कृपेने नीतिमान ठरतात. 'फुकट' हा शब्द आपल्याला बाजारात संशयास्पद वाटतो. पण ज्याची किंमत वधस्तंभावर कोणी भरली आहे, ते आपल्याला फुकटच मिळणार.

मग कामाचे काय?

इथे एक प्रश्न येतो आणि तो खरा आहे. सारे काही कृपेनेच असेल, तर माणूस आळशी होणार नाही का? पौलालाही लोकांनी हे विचारले होते. रमाबाईंचे पुढचे जीवनच याचे उत्तर आहे.

आनंद लपत नाही. त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे ठरले होते, तो शब्द मोडला, असे अनेकांना वाटले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुण्यातला मान गेला. लोकांच्या मताने ज्याचे मोल ठरते, तो अशा वेळी खचतो. रमाबाई थांबल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. एकेकाळी आपण जिथे होतो तिथेच आज या मुली आहेत, हे त्यांना दिसत होते. सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना त्यांनी आणले. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली, तिचे नाव 'मुक्ती'. १९०० पर्यंत तिथे दीड हजार जण राहत होते. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण, सारे तिथे चाले. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे एक वेगळे घर होते. फुलहॅमला पाहिलेले ते काम त्यांनी मराठी भूमीवर आणले आणि त्या घराला नाव दिले 'कृपा सदन'. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले आणि पूर्णत्वास नेले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

१८९१ च्या आधीही काम होते आणि नंतरही. फरक कुठे पडला, हे समजायला आपल्या दादरा नगर हवेलीचाच एक दाखला घेऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाला. पोर्तुगीज काळात इथली शेतजमीन 'आल्वारा' नावाच्या सनदेने दिली जाई. ठराविक मुदतीत जमीन लागवडीखाली आणली नाही, तर सनद रद्द होण्याची अट असे. त्या अटीवरून १९७० च्या दशकातही इथे सनदा रद्द झाल्या आणि खटले चालले. आता दोन शेतकरी डोळ्यांपुढे आणा. एक जण जमीन जाईल या धास्तीने नांगर धरतो. दुसऱ्याला बापाकडून वारसा मिळाला आहे, आणि आपले शेत म्हणून तो पहाटे उठून राबतो. लांबून दोघांचे काम सारखेच दिसते. पण एकाच्या उशाला भीती असते, दुसरा शांत झोपतो. आणि शेतात एखाद्याला वाटा द्यायची वेळ आली, तर हात कोणाचा सैल सुटेल, हे सांगायला नको.

देवाची कृपा ही अटीची सनद नाही, तो मुलांना मिळालेला वारसा आहे. म्हणूनच इफिसकरांस पत्रात (२:८-१०) आधी कृपेने आणि विश्वासाने तारण येते, आणि लगेच पुढच्या वचनात देवाने आधीच तयार करून ठेवलेली सत्कृत्ये येतात. याकोब जेव्हा कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे म्हणतो, तेव्हा तो झाडाला फळ कुठे आहे, एवढेच विचारतो. फळे बांधून कोणी वठलेले झाड जिवंत करीत नाही.

आपल्या मंडळीसाठी

या शिकवणीवरून मंडळीत एकेकाळी मोठी फूट पडली. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रोमन कॅथलिक मंडळी आणि लूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी आपल्याला उभे करतो, असा त्याचा आशय आहे. २००६ मध्ये मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेनेही त्याला संमती दिली. म्हणजे आपण कोणत्याही मंडळीचे असलो, तरी हा ठेवा आपल्या सर्वांचा आहे.

मग टोकरखाड्यात हे कसे जगायचे? रात्रपाळीमुळे रविवारची उपासना चुकलेला भाऊ मान खाली घालून येतो, तेव्हा त्याच्या हातात हजेरीपट न देता प्रभूचे वचन द्यावे. जिचे लग्न मोडले आहे, जिच्याविषयी चाळीत कुजबुज होते, अशी बहीण दारात आली तर विहिरीजवळची ती बाई आठवावी. आणि जे वर्षानुवर्षे मंडळीत सेवा करीत आहेत, खुर्च्या मांडतात, गीते शिकवतात, आजाऱ्यांना भेटतात, त्यांनीही एकदा शांत बसून स्वतःला विचारावे: हे काम उद्या हातून सुटले, आजारपणाने अंथरुणाला खिळलो, कोणाला माझा काही उपयोग राहिला नाही, तर देवापुढे माझी जागा तीच राहील, असा माझा भरवसा आहे का? उत्तर देताना मन अडखळले, तर घाबरू नये. रमाबाईही आठ वर्षे अडखळल्या होत्या. ज्याने त्यांना उचलले, तो आजही तोच आहे.

पौलाने फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपला सारा जमाखर्च मांडला आहे. कूळ, नियमशास्त्र, आवेश, निर्दोष वागणूक, सगळी जमेची बाजू. आणि ख्रिस्त मिळावा म्हणून त्याने ती सगळी तोट्यात टाकली. रमाबाईंच्या वहीत तर पंडितपण होते, यात्रा होत्या, बाप्तिस्मा होता, सेवा होती. त्यांनीही तेच केले. आपल्या वहीत काय आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक. ती वही आज प्रभूच्या पायांशी ठेवू या.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे मजूर म्हणून नव्हे, तुझी लेकरे म्हणून तुझ्यापुढे येतो. आमची हजेरी आणि आमचे खाडे दोन्ही तुला ठाऊक आहेत. तुझ्या पुत्राने वधस्तंभावर जे पूर्ण केले, त्यावरच आमचा भरवसा राहो. पंडिता रमाबाईंच्या जीवनाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या कृपेने त्यांना शांती दिली, तीच कृपा टोकरखाड्यातील, सिल्वासातील आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक घरातील थकलेल्या जीवाला लाभो. आणि त्या शांतीतून आमच्या हातांना तुझ्या कामाची आवड लागो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.